मुठीचं माप

ढोबळेजी येताना दिसले की मी आधी कात्री लपवायची आणि मग चहा टाकायची.

तरी फारसा उपयोग नव्हता म्हणा. बाकीचे कारकून शर्टाच्या खिशात पेन ठेवतात, हा माणूस तिथे बोटभर तिकोनी कानस ठेवायचा. बोलता बोलता ती हातात कधी यायची ते कळायचंसुद्धा नाही. विळी, सांडशी, अडकित्ता, दाराची कडी, जे हाताशी सापडेल त्याच्या कोपऱ्यावर ते ती एकदा हळूच घासून पाहायचे. कानस न चावता सरकली की डोळे लकाकायचे. "पोलाद हाये लीला! अस्सल!" आणि कानस चावली की चेहरा पडायचा. "कच्चं लोखंड. ठेवून दे." असं म्हणायचे की जसं काही मीच त्यांना ठकवलं होतं.

लकडगंजातल्या आमच्या गल्लीत असं एक घर नव्हतं, जिथल्या विळीवर ढोबळेजींचा ओरखडा नव्हता. कोपऱ्यावरचा न्हावी त्यांना पाहिलं की वस्तरे पेटीत टाकून पेटीवरच बसून जायचा. एका लग्नात तर त्यांनी कहर केला. आमच्याकडे नवरदेवाच्या हातात कट्यार असते, टोकाला लिंबू खोचलेली. मंगलाष्टकं सुरू व्हायची होती, नवरदेव घामाघूम होऊन उभा, आणि ढोबळेजी त्याच्या शेजारी वाकून कट्यारीवर कानस घासतायत! नवरीच्या बापाने विचारलं, "काय पाहून राहिले बाबूजी?" तर म्हणे, "कट्यार कच्ची हाये. बाकी पोरगा बरा दिसते." त्या लग्नात पंगतीला आम्हाला कोणी आग्रह केला नाही.

तुम्ही म्हणाल, लोहाराच्या घरचा असेल. छे हो! सरकारी कचेरीतला बाबू. इस्त्रीचा बुशशर्ट, डोक्याला खोबरेल, बगलेत डबा. लकडगंज म्हणजे सगळा लाकडाचा बाजार, टाल आणि आरामशिनी. दगड भिरकावला तर सुतारालाच लागायचा. अशा ठिकाणी राहून ह्या माणसाने कॅलेंडरसाठी भिंतीत खिळा ठोकताना आधी बोट ठेचलं, मग भिंतीचा पोपडा पाडला आणि शेवटी कॅलेंडर गादीखाली ठेवून दिलं. वर्षभर घरात एकादशी पाहायची तर गादी उचलायला लागायची. त्यांची बायको शांताबाई पदर तोंडाला लावून मला सांगायच्या, "आमच्या घरचा माणूस फक्त सही कराच्या कामाचा हाये वं."

मी त्यांची शेजारीण. दोन घरांमध्ये एक भिंत, मागच्या अंगणात कमरेएवढं कुंपण, आणि माझा धंदा ब्लाऊज शिवायचा. म्हणजे दिवसभर घरी आणि कान उघडे. त्यामुळे मी सांगते ते ऐकीव नाही.

ढोबळ्यांची एकुलती एक मुलगी लग्न होऊन जबलपूरला गेली, घरात दोघंच उरली, आणि त्याच उन्हाळ्यात शांताबाईंना लकवा मारला. सकाळी सरगुंडे करायला बसल्या होत्या. काडीवर कणीक गुंडाळता गुंडाळता काडी हातातून गळली आणि त्या तिथेच कलंडल्या. उजवी बाजू गेली. दवाखान्यातून घरी आल्यावर तोंड हळूहळू सरळ झालं, पाय ओढत का होईना चालू लागला. हात मात्र राहिला. बोटं अर्धी मिटलेली. धड उघडत नव्हती की धड मिटत नव्हती. चमचा दिला तर गळून पडायचा.

आता शांताबाई कोण, तर जिचे हात कधी रिकामे पाहिले नाहीत अशी बाई. उन्हाळाभर कुरड्या, सांडगे, पापड. गप्पा मारायला आल्या तरी माझ्या टाक्यांचे धागे तोडत बसायच्या. त्या बाईने भिंतीकडे तोंड केलं. डाव्या हाताने जेवायचं, ते कोणी नसताना. मी गेले की ताट पलंगाखाली सरकवायच्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हाताला काम द्या, आवडीचं काम द्या, नाहीतर हात कायमचा जाईल. ढोबळेजींनी दाबायला रबरी चेंडू आणला. शांताबाईंनी तो डाव्या हाताने सरळ नालीत फेकला. "चेंडू खेळाचं वय हाये का माह्यं?" एवढं बोलल्या, आणि त्यानंतर बोलायच्याच बंद झाल्या.

एकदा नळावर ढोबळेजी मला म्हणाले, "लीला, हात गेला तर जाऊ दे वं. पण ती हाताच्या मांगं मांगं निघून चालली." त्यांची बादली भरून वाहत होती आणि ते तसेच उभे होते. मी नळ बंद केला. 

आमच्या घरांसमोर, रस्त्यापलीकडे, खाटांचे पाय खरादायचा एक कारखाना होता. खराद म्हणजे लाकूड गरगर फिरवायचं आणि पटाशी लावून त्याला गोल आकार आणायचा. दिवसभर तो आवाज चालायचा, आम्हाला तो ऐकू यायचासुद्धा बंद झाला होता. एका दुपारी भिंतीकडे तोंड करून पडलेल्या शांताबाई एकदम म्हणाल्या, "त्याची पटाशी भोथरी हाये."

ढोबळेजी पेपर टाकून उठले, अनवाणीच रस्ता ओलांडून कारखान्यात गेले आणि तसेच धावत परत आले. "भोथरीच होती! शांते, तुले कसं समजलं वं?"

"रडून राहिली होती ना," शांताबाई म्हणाल्या.

मग हळूहळू सगळं निघालं. शांताबाईंचे वडील पवनीला खरादी होते. त्यांचा खराद जुन्या तऱ्हेचा, बिनविजेचा. दोन खुंटांच्या मधे लाकूड अडकवायचं, त्याला चामड्याच्या वादीचा वेढा द्यायचा, एकाने वादी इकडून तिकडे ओढायची आणि दुसऱ्याने पटाशी धरायची. वादी ओढायचं काम शांताबाईंचं. बाप दुपारी लवंडला की ह्या भावाला वादीला जुंपायच्या आणि स्वतः पटाशी घेऊन भोवरे काढायच्या. लग्न ठरलं तेव्हा आईने बजावलं, बाबूच्या घरी चालली आहेस, तिथे हे बोलू नको. एवढा संसार झाला, मुलीचं लग्न झालं, पण बाईने नवऱ्याला ते सांगितलं नव्हतं. ढोबळेजी त्या दिवशी पुन्हा पुन्हा माझ्या दारात येत होते. "लीला, हिले खराद येते! माह्या बायकोले!" नव्यानेच लग्न ठरल्यासारखे लाजत होते.

रविवारी त्यांनी पवनी गाठली. खराद माळ्यावर पडलेला मिळाला. पटाश्या मात्र साळ्याने केव्हाच भंगारात घातल्या होत्या. खुंट एस्टीच्या टपावर चढवले, आणि हे प्रत्येक थांब्यावर उतरून ते जागेवर आहेत का ते पाहत आले. भिवापूरला गाडी त्यांना सोडूनच निघाली होती. घरी आले तेव्हा धोतरापासून (प्रवासाला ते धोतर नेसत) टोपीपर्यंत धूळ, आणि चेहऱ्यावर मात्र लॉटरी लागल्यासारखा आनंद.

बाजारातून नवी पटाशी आणली. शांताबाईंना पाटावर बसवलं, पाठीला उशी दिली आणि पटाशी हातात दिली. मूठ बारीक, आणि ह्यांचा हात मिटत नव्हता. पटाशी खणकन खाली. पुन्हा दिली, पुन्हा खाली. शांताबाईंनी पदर तोंडावर ओढून घेतला. मला वाटलं, संपलं आता सगळं. ढोबळेजींनी पटाशी उचलली, उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाले, "हिचंच चुकलं. ही दुसऱ्या कोणाच्या हाताची हाये. आपण आपली करू."

झालं, त्या दिवसापासून आमच्या गल्लीचं सुख संपलं.

बाबूजींनी अंगणात कोळशाची शेगडी मांडली आणि तिच्या तोंडाशी घरातला टेबलफॅन लावला. पहिल्याच दिवशी ठिणग्या उडून माझ्या वाळत घातलेल्या परकराची चाळणी झाली. पहिली पटाशी जुन्या कानशीची केली. लाल करून पाण्यात बुडवली, चर्र झालं, घासली, चकाकली, लाकडाला लावली आणि काचेसारखी फुटली. ते तुकडे रुमालात बांधून इतवारीतल्या लोहाराकडे गेले. लोहार म्हणाला, "बाबूजी, पाणी ज्यादा हो गया." तापलेलं पोलाद विझवणं म्हणजे त्याला पाणी देणं, जास्त झालं तर ठिसूळ, कमी झालं तर मऊ. ढोबळेजींना जगाचंच कोडं सुटलं. तेव्हापासून कोणाचंही काहीही बिघडो, त्यांचं निदान तयार. कोणाचा मुलगा मॅट्रिकला आपटला, "पाणी कमी पडलं." सासू-सुनेचं वाजलं, "दोघीलेही पाणी ज्यादा झालं." मंत्रिमंडळ पडलं तरी तेच, आणि माझं वरण खारट झालं तरी तेच.

मग कोणतं पाणी चांगलं ह्याचा शोध सुरू झाला. विहिरीचं, नळाचं, कन्हान नदीचं बाटलीत भरून आणलेलं. मग जवसाचं तेल. मग कोणीतरी सांगितलं की ताकात विझवलं तर पोलाद शांत होतं. त्यांच्या घरी ताक कुठलं? माझ्याकडे होतं. मी कढीसाठी पातेलं काढून ठेवलं, मिरच्या घ्यायला वळले, तेवढ्यात कुंपणावरून हात आला आणि पातेलं गेलं. मी ओरडत मागे धावले, तोवर अंगणभर आंबट वाफ पसरली होती आणि ढोबळेजी बोटाने ताक चाखून पाहत होते. "बिघडलं नाही वं, लीला. गरमच झालं हाये. नुसती फोडणी दे." हिंमत पाहा माणसाची!

ट्रकच्या कमानीची पट्टी झाली, मोडक्या सुऱ्या झाल्या, कुठल्या कुठल्या दांड्या झाल्या. प्रत्येक पटाशी घासून, पुसून ते शांताबाईंच्या पुढ्यात नेऊन ठेवायचे आणि उभे राहायचे, शाळेत पाटी दाखवायला उभं राहतात तसे. शांताबाई पाहायच्या आणि सांगायच्या, "जड हाये." "धार नाही." "हे काय, उलथणं केलं का?" पण बोलायच्या. त्यांचं तोंड भिंतीकडून अंगणाकडे वळलं होतं. माझ्या ते लक्षात आलं नव्हतं, ढोबळेजींच्या आलं होतं. पटाशी नापास झाली की ते उलट जास्तच उत्साहाने शेगडीकडे जायचे.

आता माझ्या कात्रीचं सांगते. माझी कात्री म्हणजे माझं पोट. दिवाळी तोंडावर, घरात ब्लाऊजांचा ढीग, आणि कात्री गायब. कपडे उपसले, मशीनखाली पाहिलं, घरच्यांवर आळ घेऊन झाला. शेवटी कुंपणाकडे नजर गेली. ढोबळेजी शेगडीपाशी उकिडवे बसलेले, आणि चिमट्यात काहीतरी पळसाच्या फुलासारखं लाल.

"माही कात्री कुठं हाये?"

"हे काय, इथंच हाये ना." त्यांनी शेजारच्या विटेकडे बोट केलं. विटेवर कात्रीचं एक पातं ठेवलं होतं. स्क्रू काढून, नीट पुसून.

"अन् दुसरं?"

त्यांनी चिमट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "एकच घेतलं वं. एक तुले ठेवलं."

माझं डोकंच फिरलं. मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. एका पात्याने आता काय गिऱ्हाइकाचं नाक कापू का, असं विचारल्याचं आठवतं. ते मान खाली घालून ऐकत होते, पण चिमटा सोडत नव्हते, कारण सोडला तर रंग उतरेल. आणि तेवढ्यात घरातून एक आवाज आला. 

शांताबाई हसत होत्या. तोंड अजून थोडं वाकडं होतं, त्यामुळे ते हसू एकाच बाजूने यायचं, पण हसत होत्या, डाव्या हाताने पोट धरून. "एक तुले ठेवलं म्हणे! माय वं! एक तुले ठेवलं!" ढोबळेजींच्या हातातला चिमटा गळून पडला. मी रागावले होते, खरंच रागावले होते. पण त्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि विटेवरचं पातंही त्यांच्या पुढ्यात टाकलं. "घ्या, हेही घ्या," म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते माझ्यासाठी नवी कात्री घेऊन आले, आणि देता देता तिच्यावर कानस घासून पाहिलीच.

त्या पात्याची पटाशी हलकी झाली, धारही टिकली. आता प्रश्न मुठीचा. ती युक्ती त्यांना पोळ्या करताना सुचली, कारण स्वयंपाक आता तेच करायचे. कणकेचा गोळा त्यांनी शांताबाईंच्या उजव्या हातात दिला. "दाब. जेवढं जमते तेवढंच." बोटं उमटली, अगदी वरवर. तो गोळा त्यांनी सावलीत वाळवला आणि त्या मापाची मूठ बाभळीच्या लाकडातून कोरली, बोटांच्या खाचांसकट. दिसायला आल्याचा गड्डा. मी धरून पाहिली, माझ्या हातात काही केल्या बसेना. शांताबाईंच्या हातात मात्र बसली. त्यांनी हात वर केला, खाली केला, उलटा केला. पटाशी पडली नाही.

मग शांताबाई पाटावर आणि वादी ओढायला ढोबळेजी. खरी मजा इथे झाली. वादी ओढली की लाकूड एकदा पुढे फिरतं, एकदा मागे. पुढे फिरेल तेव्हा पटाशी टेकवायची, मागे फिरेल तेव्हा उचलायची. ओढणाऱ्याची लय चुकली की धरणाऱ्याचा हात गेला. आणि ढोबळेजी हिसके देत होते.

"विहिरीतून बादली काढून राहिले का?" शांताबाई ओरडल्या. "हळू! आता ओढा! अवो, हळू म्हणलं ना! कचेरीत असंच काम करता का?"

उन्हाळ्यात मुकी होऊन बसलेली बाई दुपारभर नवऱ्याला झापत होती, आणि नवरा घामाने निथळत "हाव, हाव" करत होता. इकडे काज करता करता माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, खोटं कशाला सांगू? पहिला भोवरा निघाला तो इतका वाकडा, की फिरण्याऐवजी आडवाच पळाला आणि नालीत गेला. ढोबळेजींनी कोपरापर्यंत हात घालून तो काढला, धुतला आणि देवाजवळ ठेवला.

हात कामाला लागला तसा तो उघडू-मिटू लागला. काही महिन्यांत ती मूठ मोठी वाटायला लागायची. मग पुन्हा कणीक, पुन्हा नवं माप, आधीपेक्षा बारीक मूठ, नवी पटाशी. आधीची पटाशी ढोबळेजी अंगणातल्या भिंतीवर टांगायचे. हो, खिळे आता तेच ठोकायचे. डावीकडे ती गड्ड्यासारखी पहिली, मग उजवीकडे एकेक बारीक होत गेलेली. कोणी पाहुणा आला की त्याला त्या भिंतीपुढे उभं करायचे. "पाहा, कशी सुधरून राहिली!" पाहुण्याला वाटायचं, पटाशी सुधारते आहे. तो मान डोलवायचा.

चांगली वर्षं होती ती. गल्लीतल्या पोरांना भोवऱ्यांची ददात नव्हती. माझं लाटणं शांताबाईंनी केलेलं, ताक घुसळायची रवी शांताबाईंनी केलेली. त्यांनी पुन्हा सरगुंडेसुद्धा केले, आणि वाटी भरून माझ्याकडे आणताना वाटी उजव्या हातात धरून आणली, मला दिसेल अशी. ढोबळेजी रिटायर झाले. लोकांना काळजी पडते, रिटायर झाल्यावर करायचं काय. ह्यांना वादी ओढायला दिवस पुरत नव्हता.

मग एका हिवाळ्यात काहीतरी झालं. मोठा झटका नव्हता. डॉक्टर म्हणाले, लहानसा येऊन गेला असेल, कळलाही नसेल. पाय जरा जास्त ओढू लागला. आणि एका दुपारी खरादावर पटाशी शांताबाईंच्या हातातून निसटली.

शांताबाई आपल्या हाताकडे पाहत राहिल्या. ढोबळेजींनी जराही वेळ घालवला नाही. पटाशी उचलली, मुठीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "लाकूड सुकलं वाटते. मूठ आकसली, म्हणून निसटली. नवी करतो."

नवी केली, थोडी जाड. काही दिवसांनी तीही निसटू लागली. "लोखंडच खराब निघालं. भंगारवाल्यानं ठकवलं मले." पुन्हा नवी, आणखी जाड. गल्लीत लोक हसायला लागले. बाबूजी म्हातारे झाले, त्यांच्या पटाशीला आता चार दिवसही धार टिकत नाही. आणि ते स्वतःच सगळ्यांना सांगत सुटायचे, शांताबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात, "माहाच हात बिघडला गा. पहिल्यासारखी पटाशी होतच नाही."

मलाही ते खरंच वाटलं. एकदा मी कुंपणावरून म्हटलं, "ढोबळेजी, एवढा कुटाणा कायले करता? भिंतीवर जाड मुठीच्या टांगल्या हायेत ना. त्यातली एक काढून द्या."

ते घाईघाईने कुंपणापाशी आले. आधी घराकडे पाहिलं, मग अगदी हळू म्हणाले, "ती उतरवली तर तिले समजून जाईल ना वं, आपण परत कुठं येऊन पोचलो ते."

पुढच्या आठवड्यात पाहिलं तर भिंत रिकामी. नुसते खिळे. "भिंतीले रंग द्याचा हाये," असं त्यांनी शांताबाईंना सांगितलं होतं. रंग काही लागला नाही. तेव्हा मला कळलं, हा माणूस सगळ्या गल्लीकडून आपलं हसू का करून घेतोय ते. पटाशी वाईट ठरली तरच हात चांगला ठरत होता.

होळीच्या सुमाराची दुपार होती. शांताबाई वाळल्या होत्या, त्यांचे ब्लाऊज आत घ्यायचे म्हणून मी माप घ्यायला गेले होते. त्यांच्या पलंगावर बसले होते तेवढ्यात ढोबळेजी कणकेचा गोळा घेऊन आले. "चला, आमालेही माप द्या."

शांताबाईंनी गोळा उजव्या हातात घेतला आणि दाबला. कपाळावरची शीर वर आली, ओठ घट्ट मिटले. बराच वेळ त्या दाबत होत्या. ढोबळेजींनी गोळा परत घेतला. कणीक जशीच्या तशी. एकही बोट उमटलं नव्हतं.

"उजेडात पाहतो," म्हणत ते अंगणात गेले. शांताबाईंची दाराकडे पाठ होती, माझं तोंड दाराकडे. शेगडीपाशी जाऊन ते उभे राहिले. मग तो गोळा त्यांनी स्वतःच्या उजव्या हातात धरला आणि दाबला. चांगला जोर लावून दाबला.

परत आले ते तोंडभर हसत. गोळा शांताबाईंच्या पुढे धरला. "पाय, पाय! मांगच्यापेक्षा किती खोल उमटली बोटं! मी म्हणतच होतो, हात सुधरून राहिला म्हणून. ह्या टायमाले मूठ बारीक करा लागते."

शांताबाईंनी गोळ्याकडे पाहिलं. चार जाड बोटांच्या खाचा, आणि एका खाचेत ढोबळेजींच्या तांब्याच्या अंगठीचा वळ. शांताबाईंच्या बोटात अंगठी नव्हती. मला जे दिसलं ते त्यांना दिसलं नसेल असं कसं म्हणू?  ढोबळेजी पुन्हा तसेच उभे होते, पाटी दाखवून.

"हाव," शांताबाई म्हणाल्या. "आज जोर होता हाताले."

ढोबळेजी गोळा दोन्ही हातांत सांभाळत अंगणात गेले. शेगडीत कोळसे टाकल्याचा आवाज आला, मग फॅनचा. मला हुंदका आवरेना, मी पदर तोंडात कोंबला. शांताबाईंनी डावा हात माझ्या मांडीवर ठेवला.

"रडू नको वं लीला. ते ऐकतीन."

"पण बाई, ते आता खरंच बारीक मूठ करून आणतीन," मी म्हटलं. "तुमी कशी धरसान ती?"

शांताबाईंनी उजवा हात मांडीवर घेतला. डाव्या हाताने त्याचं एकेक बोट मिटवलं, आणि त्या मिटलेल्या मुठीवर डावा हात घट्ट दाबून धरला.

"अशी," त्या म्हणाल्या. "करू दे त्यायले बारीक. मी धरीन."